आटे पाडण्यासाठी सीएनसी लेथला स्पिंडल सेन्सर कसा निवडावा

साध्या लेथवर आटे पाडणाऱ्या टर्नरला सेन्सर लागत नाही, कारण तिथे जॉब फिरवणारा स्पिंडल आणि टूलची कॅरेज सरकवणारा लीड स्क्रू गिअरच्या साखळीने एकमेकांना बांधलेले असतात. कट जड झाला आणि स्पिंडल मंदावला, तर त्याच प्रमाणात कॅरेजही मंदावते आणि पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, बिघडत नाही. सीएनसी लेथवर ही साखळी नसते. टूलला जॉबच्या लांबीच्या दिशेने नेणाऱ्या झेड अक्षाची मोटर वेगळी, स्पिंडलची मोटर वेगळी, आणि दोघींमधले नाते केवळ कंट्रोलरच्या हिशोबात असते. स्पिंडलकडून त्या हिशोबाला जी काही माहिती मिळते ती एका सेन्सरमधूनच मिळते. त्यामुळे सेन्सर निवडणे हे जुन्या लेथवर चेंज गिअर निवडण्याच्याच तोलामोलाचे काम आहे. भोसरी, सातपूर किंवा शिरोलीच्या एखाद्या शेडमध्ये जुन्या गिअरहेड लेथवर सीएनसी बसवणाऱ्यांना समोर ठेवून पुढील विवेचन केले आहे. कारखान्यातूनच सीएनसी म्हणून आलेल्या यंत्रावर ही निवड निर्मात्याने आधीच केलेली असते.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बाजारात या वस्तूला सर्रास ‘आरपीएम सेन्सर’ किंवा ‘स्पीड सेन्सर’ म्हणतात, आणि त्या नावामुळे असे वाटते की कंट्रोलरला स्पिंडलचा वेग कळला की पुरे. आट्यांना मात्र वेगापेक्षा कोन महत्त्वाचा असतो. पूर्ण खोलीचा आटा एका कटात होत नाही, १.५ मिमी पिचला साधारण सहा ते दहा कट घ्यावे लागतात, आणि प्रत्येक कटाला टूलचे टोक पहिल्या कटाच्याच खाचेत उतरले पाहिजे. त्यासाठी कंट्रोलरला दोन गोष्टी हव्या असतात. पहिली, प्रत्येक फेऱ्यात एकदाच, त्याच कोनाला येणारी खूण, म्हणजे इंडेक्स. दुसरी, त्या खुणेपासून स्पिंडल आतापर्यंत किती वळला याची मोजणी. वेग हा या दोहोंतून काढलेला उपपदार्थ आहे. सेन्सर या दोनपैकी काय देतो आणि काय देत नाही, एवढ्यावरच बहुतेक निवड ठरते.

आधी कंट्रोलर, मग सेन्सर

दुकानात जाऊन ‘जास्तीत जास्त पल्सचा एन्कोडर द्या’ असे सांगणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. (एन्कोडर म्हणजे प्रत्येक फेऱ्यात ठरावीक संख्येने विजेचे ठोके, अर्थात पल्स, देणारा सेन्सर.) निवड उलट्या दिशेने करावी: आपला कंट्रोलर काय ऐकू शकतो हे आधी पाहावे आणि तेवढेच बोलणारा सेन्सर घ्यावा.

संगणकाच्या समांतर (पॅरलल) पोर्टवर चालणारे माक-३ हे कंट्रोलर सॉफ्टवेअर आट्यांसाठी फेऱ्याला एकच पल्स वापरते. त्याला १०२४ पल्सचा एन्कोडर जोडून काहीही हाती लागत नाही. उलट नुकसान होण्याची शक्यता असते, आणि ते कसे हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. एन्कोडरच्या तिसऱ्या वाहिनीवर, म्हणजे झेड वाहिनीवर (झेड अक्षाशी तिचा संबंध नाही), फेऱ्यातून एकदा येणारी इंडेक्स पल्स फार अरुंद असते. १००० आरपीएमला एक फेरा ६० मिलिसेकंदांत पूर्ण होतो, आणि १०२४ रेषांच्या, म्हणजे फेऱ्याला १०२४ पल्सच्या, एन्कोडरची झेड पल्स त्याच्या रचनेप्रमाणे जेमतेम १५ ते ६० मायक्रोसेकंद टिकते. संगणक पोर्टकडे दर ४० मायक्रोसेकंदांनी पाहत असेल, तर ही पल्स कधी दिसेल आणि कधी निसटेल. पडद्यावर आरपीएम मधूनच निम्मा दिसू लागला, तर असे काही घडत आहे असे समजावे. अशा कंट्रोलरला स्पिंडलवरील रुंद खाचेतून किंवा उंच ठोकळ्यातून येणारी ऐसपैस पल्सच हवी.

लिनक्ससीएनसी या दुसऱ्या कंट्रोलर सॉफ्टवेअरची पद्धत वेगळी आहे. त्याच्या जी-३३ आणि जी-७६ या आटे पाडण्याच्या आज्ञा इंडेक्सची वाट पाहून सुरू होतात आणि नंतर कट संपेपर्यंत स्पिंडलच्या मोजलेल्या स्थितीमागे झेड अक्षाला चालवत राहतात. म्हणजे गिअरच्या साखळीचे काम सॉफ्टवेअर करते. त्यामुळे इथे एन्कोडरच्या वळण आणि दिशा सांगणाऱ्या ए आणि बी या दोन्ही वाहिन्या व इंडेक्स यांचा पुरेपूर उपयोग होतो. मात्र मोजणी सॉफ्टवेअरने होते की वेगळ्या कार्डावर, हा प्रश्न उरतोच. समांतर पोर्टवर ५० मायक्रोसेकंदांचा मूळ कालावधी धरला, तर सेकंदाला २०,००० वेळा वाचन होते. १०२४ रेषांचा एन्कोडर दोन वाहिन्या मिळून प्रत्येक रेषेला चार कडा, म्हणजे फेऱ्याला ४०९६ मोजण्या देतो. म्हणजे कागदावरसुद्धा २९३ आरपीएमच्या पुढे मोजणी चुकणार, आणि सुरक्षित मर्यादा त्याच्या निम्म्याने धरली तर १५० आरपीएमच्या आसपासच थांबावे लागणार. याउलट १०० रेषांचा साधा एन्कोडर फेऱ्याला ४०० मोजण्या देतो. त्याची कागदावरची मर्यादा ३००० आरपीएम आणि निम्म्याने धरलेली मर्यादा १५०० आरपीएम येते. आटे पाडण्याच्या बहुतेक कामांना एवढे पुरते. मेसासारखे स्वतंत्र मोजणी करणारे कार्ड असेल, तर ही अडचण संपते आणि १०२४ रेषांचा एन्कोडर निर्धास्तपणे घ्यावा.

फानुक किंवा सिमेन्सच्या कुळातील, तसेच तयार मिळणाऱ्या चिनी औद्योगिक कंट्रोलरच्या बाबतीत विचार करण्यासारखे फारसे उरत नाही. फेऱ्याला १०२४ पल्सचा, स्पिंडलशी एकास एक प्रमाणात फिरणारा एन्कोडर ही तिथली रूढ पद्धत आहे. काही चिनी कंट्रोलर १२०० पल्सचाही वापरतात. पुस्तिकेत जो आकडा आणि जी सिग्नलची जात दिली असेल ती घ्यावी. स्वतःचे शहाणपण तिथे खर्च करू नये.

एका पल्सवर किती भरवसा ठेवावा

फेऱ्याला एक पल्स देणारा सेन्सर स्वस्त असतो, बसवायला सोपा असतो आणि त्यावर चांगले आटे पडू शकतात. मात्र त्याच्या मर्यादेचे कारण नीट समजून घेतले नाही, तर माणूस नेमका चुकीच्या दिशेने उपाय शोधतो.

एम २० गुणिले २.५ चा, म्हणजे २० मिमी व्यासाचा आणि २.५ मिमी पिचचा, आटा हायस्पीड स्टीलच्या टूलने पाडायचा आहे असे समजू. १२ मीटर प्रति मिनिट कटिंग स्पीड धरला, तर स्पिंडल सुमारे १९० आरपीएमला फिरेल. सोयीसाठी २०० धरू. अशा वेळी एका पल्सपासून दुसऱ्या पल्सपर्यंत ०.३ सेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात झेड अक्ष २.५ मिमी पुढे सरकतो. या पूर्ण वेळात कंट्रोलरला स्पिंडलकडून काहीच कळत नाही. टूल धातूत घुसताच मोटर दमली आणि वेग पाच टक्क्यांनी उतरला, तर कंट्रोलरला ते कळेपर्यंत पिच २.५ ऐवजी २.६३ मिमीच्या दराने पडत राहते. शिवाय पहिल्या हलक्या कटाला वेग जितका उतरतो तितका तो पुढच्या खोल कटाला उतरत नाही, किंवा कधी जास्त उतरतो. त्यामुळे प्रत्येक कट आधीच्या खाचेपासून थोडा बाजूला पडतो, आट्याची खाच रुंदावते आणि नट ढिला बसतो.

इथे बहुतेक जण धास्तीने आरपीएम आणखी कमी करतात. तसे केल्याने अडचण वाढते. फिरत्या चकमध्ये साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १००० आरपीएमला फिरणाऱ्या चकमध्ये जेवढी ऊर्जा असते, तिचा केवळ पंचविसावा भाग २०० आरपीएमला उरतो. त्यात ड्राइव्हवर (विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणावर) चालणारी साधी इंडक्शन मोटर दहा-बारा हर्ट्झला मुळातच अशक्त असते. म्हणून एक पल्सच्या सेन्सरवर काम करायचे असेल तर कार्बाइडचे टूल घ्यावे, आरपीएम वर ठेवावा, जड चक फ्लायव्हीलसारखा वापरावा आणि कट हलके घ्यावेत. गिअरहेड लेथ असेल तर मोटर पूर्ण वेगाला ठेवून गिअरने आरपीएम उतरवावा. ड्राइव्हने उतरवू नये.

याच उदाहरणात १०० रेषांचा एन्कोडर असता, तर कंट्रोलरला दर पाऊण मिलिसेकंदाला, म्हणजे झेडच्या दर ०.००६ मिमी प्रवासाला, स्पिंडलची खबर मिळाली असती. १०२४ रेषांनी ती ०.०००६ मिमीला मिळते. यातला पहिला आकडा आट्याच्या कामाला पुरेसा आहे. दुसऱ्या आकड्याइतके अचूक कोणत्याही जुन्या लेथचे बॉलस्क्रू आणि स्लाइड नसतात. एक पल्सवरून १०० रेषांवर जाताना जो फरक पडतो तो जॉबवर दिसतो. १०० वरून १०२४ वर जाताना जो पडतो तो बहुतेक वेळा फक्त बिलावर दिसतो.

सेन्सरच्या जाती

एक पल्ससाठी आमच्या भागात सर्वांत जास्त वापरला जातो तो स्पर्श न करता जवळचा धातू ओळखणारा प्रॉक्झिमिटी सेन्सर, आणि माझ्या मते लेथवर तोच योग्य आहे. कूलंट, तेल आणि काळपट चिकटा यांची त्याला पर्वा नसते. निवडताना तीन बाबी तपासाव्यात. पहिली त्याची स्विचिंग फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला तो किती वेळा चालू-बंद होऊ शकतो. सर्वत्र मिळणारा एम १२ आकाराचा, ४ मिमी अंतराचा स्वस्त सेन्सर ५०० हर्ट्झचा असतो. म्हणजे लोखंडी ठोकळा त्याच्यासमोर साधारण एक मिलिसेकंद तरी राहिला पाहिजे. १०० मिमी व्यासाच्या चकतीवर १२ मिमी रुंदीचा ठोकळा लावला, तर १००० आरपीएमला तो २.३ मिलिसेकंद समोर राहतो आणि काम निभावते. ३००० आरपीएमला तो पाऊण मिलिसेकंदच राहतो आणि पल्स गळू लागतात. उपाय म्हणून ठोकळा २० मिमी करावा किंवा जास्त फ्रिक्वेन्सीचा सेन्सर घ्यावा. दुसरी बाब धातूची. सेन्सरवर लिहिलेले अंतर साध्या पोलादासाठी असते. ॲल्युमिनियम किंवा पितळेला ते निम्म्याहूनही कमी होते, म्हणून ठोकळा पोलादाचाच करावा. तिसरी बाब गॅपची. लिहिलेल्या अंतराच्या टोकाला काम करू नये; ४ मिमीच्या सेन्सरला अडीच-तीन मिमी गॅप ठेवावा, म्हणजे तापमान वाढले किंवा स्पिंडल किंचित थरथरला तरी पल्स जात नाही.

हॉल सेन्सर आणि चुंबक ही जोडी आणखी स्वस्त पडते. ए-३१४४ हा छोटा तीन पायांचा हॉल सेन्सर ४.५ ते २४ व्होल्टवर चालतो, झटपट प्रतिसाद देतो आणि चुंबकाच्या एकाच ध्रुवाला ओळखतो. म्हणून चुंबक चिकटवण्यापूर्वी बाजू तपासून घ्यावी. या जोडीविषयी माझी नापसंती एका साध्या कारणामुळे आहे: लेथवर लोखंडाचा चुरा उडतो आणि फिरत्या चुंबकाला तो बिलगतो. महिन्याभरात चुंबकावर लोखंडाची दाढी उगवते आणि पल्सची कड सरकू लागते. बंद गार्डच्या आत बसवणे शक्य असेल तरच ही जोडी वापरावी. चुंबक पृष्ठभागावर नुसता चिकटवू नये. चकतीत भोक पाडून आत रोवावा, नाहीतर वाढत्या आरपीएमला तो गोळीसारखा सुटतो.

खाचेतून प्रकाश आरपार जाणारा ऑप्टिकल सेन्सर कड अगदी स्वच्छ देतो, परंतु कूलंटचा एक थेंब त्याला आंधळा करतो. टेबलावरच्या छोट्या, कोरड्या लेथवर तो चालेल. कारखान्यात चालणार नाही.

फिरता शाफ्ट असलेला तयार इन्क्रिमेंटल एन्कोडर हा तीन वाहिन्यांसाठीचा सरळ मार्ग होय. तो घेताना रेषांची संख्या, व्होल्टेज आणि आउटपुटची जात या तिन्ही गोष्टी कंट्रोलरशी जुळल्या पाहिजेत. ५ व्होल्टचा लाइन ड्रायव्हर आउटपुट, ज्यात प्रत्येक वाहिनीसोबत तिची उलटी जोडीदार तार असते, तो लेथसाठी सर्वांत भरवशाचा. कारण ड्राइव्हमधून येणारा विद्युत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. ओपन कलेक्टर आउटपुट स्वस्त असतो आणि मीटर-दोन मीटर तारेवर चालतो, मात्र त्याला पुल-अप रेझिस्टर लावावा लागतो. आणखी एक खबरदारी ब्रेकआउट बोर्डाची, म्हणजे सेन्सरच्या तारा संगणकाला जोडणाऱ्या बोर्डाची: पीसी-८१७ जातीचे ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून पलीकडे देणारे सुटे भाग) लावलेल्या बोर्डावर एक पल्सचा सेन्सर सुखाने चालतो, पण १०२४ रेषांचा एन्कोडर १००० आरपीएमला सेकंदाला १७,००० पल्स पाठवू लागला की त्या बोर्डाच्या कडा गोलावतात आणि मोजण्या हरवतात. अशा ठिकाणी ६एन१३७ सारखा वेगवान ऑप्टोकपलर किंवा थेट डिफरन्शियल इनपुट हवा.

कुठे आणि कसा बसवावा

सेन्सर कितीही चांगला असला तरी तो चुकीच्या शाफ्टवर बसवला तर व्यर्थ जातो. स्पिंडलच्या मोटरवर एन्कोडर आधीच आहे, मग तोच वापरू, असा मोह होतो. मोटर आणि स्पिंडल यांच्यात व्ही-बेल्ट असेल तर तो कटाच्या भाराखाली किंचित घसरतो, आणि मोटरचा इंडेक्स स्पिंडलच्या कोनाशी बांधलेला राहत नाही. दातांचा बेल्ट असला तरी प्रमाण एकास एक नसेल तर तीच अडचण उभी राहते. मोजणी स्पिंडलवरच झाली पाहिजे.

स्पिंडल पोकळ असतो आणि त्यातून बार जातो, म्हणून एन्कोडर थेट मागच्या टोकाला लावता येत नाही. रूढ उपाय असा की स्पिंडलच्या मागील टोकावर दातांची पुली बसवावी, तेवढ्याच दातांची दुसरी पुली एन्कोडरच्या शाफ्टवर लावावी आणि दोघींना टायमिंग बेल्टने जोडावे. दातांची संख्या अगदी सारखी हवी. एन्कोडर स्पिंडलच्या दुप्पट वेगाने फिरला, तर एका फेऱ्यात दोन इंडेक्स मिळतात आणि साधा आटा कधी एका, तर कधी समोरच्या जागेवरून सुरू होतो. एकेरी आट्याच्या जागी दुहेरी आटे उमटलेले दिसतात. बेल्ट ताणताना हात आवरता घ्यावा, कारण एन्कोडरचे बेअरिंग लहान असते. आणि गिअरहेड लेथ असेल तर जुन्या चेंज गिअरकडे जाणारा शाफ्ट बहुधा स्पिंडलशी एकास एकच फिरतो. दात मोजून खात्री करून घेतली, तर एन्कोडरला तयार जागा मिळते.

केबल शिल्डेड असावी, शिल्ड कंट्रोलरच्या बाजूलाच जमिनीला जोडावी आणि ती केबल ड्राइव्हपासून मोटरकडे जाणाऱ्या केबलसोबत एकाच नळीतून नेऊ नये. स्पिंडल बंद असताना सगळे ठीक आणि चालू होताच मोजण्या भटकतात, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा दोष सेन्सरचा नसून याच शेजाराचा असतो. एका कारखान्यात मी स्वतः एन्कोडर दोनदा बदलला आणि तिसऱ्यांदा केबल हलवली. आटे तिसऱ्या वेळी जमले.

प्रतिसादातला उशीर

प्रत्येक सेन्सरला प्रतिसाद द्यायला थोडा वेळ लागतो आणि या उशिराला लोक नाहक घाबरतात. समजा सेन्सर एक मिलिसेकंद उशिरा जागा होतो. १००० आरपीएमला तेवढ्यात स्पिंडल सहा अंश वळतो, आणि १.५ मिमी पिचला त्याचा अर्थ ०.०२५ मिमी सरक. ही सरक प्रत्येक कटाला तेवढीच असेल तर आट्याला काहीही होत नाही, कारण सगळेच कट सारखे सरकतात. मधल्या कटाला आरपीएम बदलला तर मात्र सरकही बदलते. सर्वो मोटर आज्ञेच्या जेवढी मागे राहते ते अंतरही वेगाप्रमाणे बदलते, म्हणून उत्तम एन्कोडर असला तरी हा नियम सुटत नाही: पहिल्या कटापासून शेवटच्या कटापर्यंत आरपीएमला हात लावू नये, स्पिंडलचा ओव्हरराइड (वेग कमी-जास्त करणारी टक्केवारीची कळ) शंभरावर ठेवावा, आणि आट्याआधी जी-९७ देऊन स्थिर आरपीएम घ्यावा. कटिंग स्पीड स्थिर ठेवणारा जी-९६ चालू राहिला तर व्यास कमी होताच कंट्रोलर आपणहून आरपीएम वाढवतो आणि आटा बिघडतो.

झेड अक्षाला वेग पकडण्यासाठीही जागा द्यावी लागते. १.५ मिमी पिच आणि १००० आरपीएमला झेडचा वेग सेकंदाला २५ मिमी होतो. त्वरण सेकंदाला २०० मिमी प्रति सेकंद असेल, तर तो वेग गाठायला दीड मिमीपेक्षा थोडे जास्त अंतर लागते. ३ मिमी पिचला तेच अंतर सव्वासहा मिमी होते. सुरुवात जॉबच्या तोंडापासून त्याहून थोडी मागे ठेवावी, अन्यथा पहिला आटा आखूड पिचचा पडतो आणि दोष विनाकारण सेन्सरवर जातो.

तपासणी

जॉब लावण्यापूर्वी चक हाताने बरोबर दहा फेरे फिरवून पाहावा. १०२४ रेषांच्या एन्कोडरने ४०,९६० मोजण्या किंवा पडद्यावर १०.००० फेरे दाखवले पाहिजेत. उलटे दहा फेरे दिल्यावर आकडा शून्यावर परत आला पाहिजे. तसा आला नाही तर वाहिन्यांपैकी एक गळते आहे. आकडा उलट्या दिशेने वाढत असेल तर ए आणि बी यांच्या तारांची अदलाबदल करावी. एक पल्सच्या सेन्सरवर दिशा कळतच नाही, म्हणून ज्यात स्पिंडल उलटा फिरवून टॅप बाहेर काढायचा असतो ते रिजिड टॅपिंग त्यावर करण्याचा विचारही करू नये.

त्यानंतर स्पिंडल ठरलेल्या आरपीएमला पाच-दहा मिनिटे मोकळा चालवून पडद्यावरचा आकडा पाहावा. तो एक-दोनने हलला तर हरकत नाही; मधूनच निम्मा किंवा दुप्पट झाला तर पल्स गळत आहे किंवा गोंगाट पल्स म्हणून मोजला जात आहे.

मग ॲल्युमिनियमच्या गोल बारला मार्करची शाई फासून ०.०५ मिमी खोलीचा एकच कट घ्यावा आणि तोच कट, खोली न वाढवता, दहा वेळा चालवावा. शाईत एकच बारीक रेघ राहिली तर इंडेक्स चांगला आहे. रेघ रुंदावली तर भिंगाखाली पाहावे: सुरुवातीला अरुंद आणि पुढे रुंद होत जाणारी रेघ म्हणजे स्पिंडलचा वेग प्रत्येक कटाला वेगळा उतरतो आहे, सुरुवातीपासून सारखीच रुंद रेघ म्हणजे इंडेक्सची कड हलते आहे, आणि अशा वेळी पुलीचा ग्रब स्क्रू, सेन्सरची पट्टी आणि एन्कोडरचे कपलिंग या क्रमाने घट्ट आहेत का ते पाहावे. शेजारी शेजारी दोन स्वच्छ रेघा उमटल्या, तर झेडच्या बॉलस्क्रूमधील सैलपणा किंवा स्टेपर मोटरची चुकलेली पावले शोधावीत. सेन्सरला त्यात ओढू नये. हीच चाचणी नंतर एखाद्या ईएन-८ जातीच्या पोलादी बारवर पूर्ण खोलीने करून आटा गो आणि नो-गो रिंग गेजने तपासावा.